उशीखालची बदामची राणी

कॅम्प, बोगद्याचं वरचं तोंड, हिमाचल.
डिसेंबर अर्धा सरला असावा. खोलीतलं कॅलेंडर कुणीतरी फाडून शेगडी पेटवली.

ती. मावशीच्या पायांवर मल्लिनाथचं डोकं. (नुसतं लिहिण्यापुरतं. इथं खरोखर जमिनीला डोकं टेकवलं तर ते तिथंच चिकटून बसेल अशी थंडी आहे.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं आईकडून कळलं. पट्टी सुटेपर्यंत कांदा चिरू नको, शेगडीपुढं बसू नको, आणि रडायची सिरियल लागली तर बघू नको, नुसती ऐक. तू पाठवलेली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पोचली. भाकरी इतकी लांब येऊनही मोडली नाही, चटणीचं तेल मात्र सगळ्या पिशवीभर हिंडून आलं. त्या चटणीनंच पुढं माझा घात केला, ते सांगतोच.

तू म्हणशील, फोन असताना हा कागद का काळा करतोय. तर मावशी, तुला फोन केला की तू तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस, आणि मग सोलापुरातली निम्मी बाळीवेस माझी तब्येत विचारते. दुसरा एक नंबर आहे, तो लावला तर लागतच नाही, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. तुला सध्या वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण वाचून दाखवायला कुणीतरी मिळेलच की. जे कोण वाचत असेल त्याला नमस्कार आणि एक विनंती, कंसातलं मोठ्यानं वाचू नये. (आणि अक्षराला हसू नये. आठवीत दोनदा बसलो, पण दोन्ही वर्षांत मिळून एवढं लिहिलं नव्हतं.)

तक्रार आहे ती तुझ्या शेजारच्या धोंडप्पांच्या शिवलीलाची. स्थळ तूच काढलंस, संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली की सुपारी फोडायची हेसुद्धा तूच दोन्हीकडून कबूल करून घेतलंस, म्हणून गाऱ्हाणंही तुझ्याच दारात. पोरगी वाईट आहे असं मी म्हणत नाही. शाळेचे युनिफॉर्म शिवते, मशीनवर हात सरळ चालतो, आणि तोंड त्याहून सरळ चालतं. वाईट एवढंच झालं की तिच्या कारखान्यातल्या एका बाईनं तिला त्या उर्वी मॅडमकडं नेलं. ही मॅडम एका ब्युटी पार्लरच्या वरच्या खोलीत बसते आणि चित्रांचे पत्ते काढून प्रेमाचं, लग्नाचं भविष्य सांगते. आपल्याकडं देवळाबाहेर पोपटवाला बसतो ना, तोच धंदा. फक्त इथं पोपट नाही आणि ए. सी. आहे. पोपट निदान एकदा पत्ता काढून गप पिंजऱ्यात जातो.

तेव्हापासून माझ्या फोनवर रोज सकाळी एका पत्त्याचा फोटो येऊन पडायला लागला. एकदा आला कंदील धरलेला म्हातारा. म्हणे हा तू, अंधारात एकटा काहीतरी शोधतोयस. मी लिहिलं, बरोबर आहे, लाईट गेली आहे, संडास शोधतोय. तिला राग आला. मग आल्या चार उभ्या काठ्या आणि वर फुलांचा हार. म्हणे हे लग्नाचं चिन्ह. मी लिहिलं, मांडववाला दुसरा बघा, वारं सुटलं तर हा वऱ्हाडावर पडेल. पुन्हा राग. एकदा तर एका पायानं उलटा टांगलेला गडी आला, खाली लिहिलेलं की प्रेमात माणसानं स्वतःला असं सोडून द्यायचं असतं. तो मी कौतुकानं आमच्या सेफ्टीच्या साहेबाला दाखवला. साहेब चष्मा वर करून म्हणाला, "ये कौनसी साईट का है? इसका हार्नेस किधर है?" आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कॅम्पला अर्धा तास थंडीत उभं करून हार्नेसवर, म्हणजे उंचावर कमरेला बांधायच्या पट्ट्यावर, भाषण दिलं. प्रेमाचं चिन्ह माझं, गारठली सगळी.

मग आला घोड्यावरचा गडी, हातात पेला घेतलेला. शिवलीलानं खाली लिहिलं, "मॅडम म्हणतात, हा येतो पण थांबत नाही." यावर मी नुसता अंगठा पाठवला. (लिहायचं काय? लूमवर टिकलो नाही, पुण्याच्या हॉटेलात टिकलो नाही, मोरबीला फरशीच्या कारखान्यात टिकलो नाही, आता इथं पोकलेनवर. हे मॅडमला पत्त्यात दिसलं का शिवलीलानंच आधी सांगितलं, देव जाणे. पण घोडा कशाला दाखवायचा? मी सगळीकडं जनरलच्या डब्यात उभा राहून गेलोय.)

शेवटी मॅडमनं निदान केलं की मुलाची कमिटमेंट कच्ची आहे. कमिटमेंट म्हणजे काय ते मी दिपकला विचारलं. दिपक म्हणजे माझ्या खोलीतला, बार्शीचा, टिपर चालवतो. तो म्हणाला, "गाडीच्या हप्त्यासारकं असतंय त्ये. मधी सोडलं की माणसं दारात येतेत." या कच्च्या कमिटमेंटवर उपाय असा, की मॅडमच्या स्वतःच्या गड्डीतला प्रेमिकांचा पत्ता मी गड्ड्याच्या यात्रेपर्यंत उशीखाली ठेवायचा, आणि मग दोघांनी मिळून तो परत नेऊन द्यायचा. तो पत्ता तुझ्या चटणीच्या पिशवीतूनच इथं आला, तुला कुणी सांगितलं नसेल.

आता त्या पत्त्यावर काय आहे हे वडीलधाऱ्या माणसाला कसं लिहू? एक बाई, एक गडी, वर ढगात एक पंखवाला, आणि खालच्या दोघांच्या अंगावर सूतसुद्धा नाही. शिवलीलाला तसला पत्ता परमुलुखात पाठवायची लाज वाटली. म्हणून तिनं युनिफॉर्मच्या चिंध्या कातरून गड्याला खाकी हाफ पँट आणि बाईला निळा फ्रॉक चिकटवला. फ्रॉकला कॉलर आहे, मावशी. नखाएवढी कॉलर. पंखवाल्याला तेवढं तसंच सोडलंय, तो ढगात आहे म्हणून असेल. ते बघून मी लई हसलो, आणि मग एकदम हसू थांबलं. (एवढी बारीक कॉलर डोळे फोडून कुणासाठी कातरतं माणूस?)

पत्ता मी सांगितल्याप्रमाणं उशीखाली ठेवला. पण चटणीही मी उशीखालीच ठेवली होती, कारण ही पोरं चटणी ठेवत नाहीत. दिपक चटणी चोरायला आला आणि त्याच्या हाताला पत्ता लागला. इथल्या सगळ्या कॅम्पला मेंढीकोट मीच शिकवलं आहे, आणि आमच्या कॅटमधली बदामची राणी कधीच शेगडीत जळालेली. म्हणून इतके दिवस खेळ अडला होता. दिपकनं युनिफॉर्मवाली बाई बघितली, पंचायत भरवली, आणि तिला बदामची राणी करून टाकलं. मला विचारलं नाही. मी बोगद्यात होतो.

त्याच संध्याकाळी शिवलीलाचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाली, उशी उचलून दाखव. मी ऐटीत उचलली. खाली एक मोजा आणि तेलाचा डाग. मी मोजा झटकून बघितला, जसा काय पत्ता मोज्यात जाऊन बसेल. तेवढ्यात मागून दिपक ओरडला, "वैनी, काळजी करू नका, तुमची राणी हितं हाय! आत्ताच दोन हात काडून दिलेत बगा तिनं!" आणि त्या गाढवानं पत्ता कॅमेऱ्यापुढं नाचवला. वर चहाच्या ग्लासाचं गोल कडं उमटलेलं, बरोबर निळ्या फ्रॉकभोवती.

तिनं त्याचा फोटो काढून मॅडमला दाखवला. मॅडमनं डोळे मिटले म्हणे, आणि सांगितलं की बाईभोवती वर्तुळ म्हणजे तुमच्या दोघांत तिसरी व्यक्ती आहे. मावशी, तिसरी व्यक्ती म्हणजे चहा होता! तोही आमच्या मेसचा, ज्याच्यावर कुणाचंही मन जाणार नाही. मी हे ओरडून ओरडून सांगितलं. शिवलीलाही ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मॅडमचं ऱ्हाऊ दे बाजूला. तुला हाताएवढा एक पत्ता सांबाळायला दिलता. त्यो बी एका जागी ठिवता आला न्हाय. मला कुटं ठिवणार हाईस?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून नंबर लागत नाही. धोंडप्पांनी आईला निरोप धाडला आहे की सुपारीची घाई नको.



पुढचं ऐक. पत्ता परत घ्यावा म्हणून दिपकला शोधलं, तर त्याला टिपरसकट खालच्या कॅम्पवर पाठवलेलं, कॅट खिशात. साहेबाची परवानगी काढली, सिमेंटच्या गाडीत बसून निघालो. अर्ध्या वाटेत बर्फावर गाडीची चाकं फिरायला लागली, तिथून पुढं चालत, दोनदा बसत, बसलो म्हणजे आपटलो. पोचलो तर डाव रंगात आलेला. मी म्हटलं, माझा पत्ता द्या. दिपक म्हणाला, "राणी न्हेलीस तर आमी काय खेळायचं? बायकू गावाकडं, टीव्ही बंद, आता राणी बी न्हाय व्हय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांचंही खोटं नव्हतं. मग मी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यांना दुसरी राणी काढून दिली. राण्या कशा दिसतात मला काय माहीत? मी एक वेणी काढली, गळ्यात मापाची टेप काढली, आणि भुवया जरा वर. सगळे म्हणाले, ही लई रागीट दिसतेय. मी म्हटलं, ओळखीची आहे.

तेव्हा पत्ता आता माझ्याकडं आहे. एक कोपरा गेला, चहाचं कडं आहे तसं आहे, गड्याची हाफ पँट सुटली होती ती मी टायरच्या सोल्युशननं चिकटवली. आता गडी जाईल पण पँट जाणार नाही.

तर मावशी, तू त्या मुलीला चार शब्द समजावून सांग. पत्ते म्हणजे पुठ्ठा. पुठ्ठ्यावर संसार होत नाही. मॅडमकडं जाणं बंद कर म्हणावं. मी तर असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास ठेवत नाही. गल्लीतल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझा,
मल्लिनाथ

ता. क. मुकादमानं परवा विचारलं, अरुणाचलला नवी साईट निघाली आहे, येतोस का? अशा वेळी माझ्या तोंडातून हो आधी निघतो आणि गाव कुठं आहे ते मी नंतर विचारतो, तुला माहीत आहे. पण ह्या खेपेला मी खोलीत गेलो, उशीखाली हात घालून बघितला, आणि बाहेर येऊन नाही म्हणालो. हे मॅडमला कळू देऊ नको, ती फुगेल.

ता. क. दुसरा. मावशी, तुझ्या घरी औषधाच्या बाटलीवरचं वाचायलासुद्धा भिंतीपलीकडून एकच माणूस येतं. शिवलीला, इथं मोठ्यानं वाचायचं थांब. पाकीट झटकू नकोस, पत्ता आत नाही. पोस्टावर सोडणार नाही मी तो. शर्टाच्या आतल्या खिशात घालून गड्ड्याला स्वतः आणतोय. कुठं ठेवणार असं विचारलंस. सोलापूरजवळ रस्त्याचं काम निघतंय, पोकलेनवाला पाहिजे, मी बोललोय. जमलं तर तिथं. नाही जमलं तर मी असेन तिथं, माझ्यासंगं, उशीखाली नाही. यात्रेत देवाच्या लग्नाच्या अक्षता टाकताना तुझ्या मुठीतल्या थोड्या माझ्या अंगावर पडल्या तर मी समजून जाईन. नंबर तेवढा चालू कर. पत्र लिहून बोटं फुटली.

ता. क. तिसरा, आणि हा मोठ्यानं वाचायचा. मावशी, हे तुझ्या कानावर पडलं तर समज, वाचणारीनं मला माफ केलं. मग तशीच उठ, पट्टीसकट, आणि धोंडप्पांकडं सुपारीचं बोल. नाही पडलं, तर पत्र सहीपाशीच संपलं असं ती तुला सांगेल, आणि तू म्हणशील, बरं लिहिलंय पोरानं.

पडलं का कानावर?