गेरूखालचा डोळा

माय, तुझा गेरूचा खडा अजून अक्काकडे देवपूरच्या घरात आहे. उगाळून उगाळून त्याला मध्ये खळगा पडला आहे. गल्लीत कोणाला नागीण उठली की तू त्याला दारात बसवायचीस आणि फोडांभोवती लाल रेघ ओढायचीस, नागिणीची दोन तोंडं भेटू नयेत म्हणून. मला कांजण्या आल्या तेव्हा तू कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतंस. खाजवायला हात उचलला की चापट. "हालू नको. बठ्ठं बरं व्हई जाई." आणि झालंही. आता डॉक्टर म्हणतो, ते गेलं नव्हतं. त्याच कांजण्यांचा विषाणू इतकी वर्षं माझ्या अंगात निजून होता, तोच नागीण होऊन उठला.

तुला हे माहीत नाही, तुझ्या माघारी माझ्या दोन्ही किडन्या गेल्या आणि अक्काने तिची एक मला दिली. तिच्या घरातले नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "लहानपणी माझ्या ताटातली भाकर ओढायचा, आता हे पण घे." तिची किडनी माझ्या अंगाने परकी म्हणून टाकून देऊ नये, यासाठी रोज गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्या अंगाची रोगाशी भांडायची ताकदच दाबून ठेवतात. म्हणून मी साध्या शिंकेलाही घाबरतो. सून म्हणते, "आबा, तुम्ही शिंकायच्या आधीच दवाखान्याचं नाव काढता." पण घाबरायला हवं होतं तेव्हा मी अक्काकडे होतो, आणि तिच्याकडे मला भीती वाटत नाही.

कपाळावर डाव्या बाजूला आग उठली, फोड आले. अक्काने पाहिलं. "नागीण शे, भाऊ. मायना गेरू शे ना घरमा." मी डोळे मिटून बसलो आहे आणि ती कपाळावर, पापणीवर, नाकाच्या शेंड्यापर्यंत गेरू लावते आहे. बोटं अगदी तुझी. दोन दिवस तो तसाच ठेवला. जळगावला परतलो तर डोळ्याची लाली कुठली आणि गेरूची कुठली, सुनेला कळेना. डोळ्याच्या डॉक्टरने ओल्या कापसाने गेरू पुसला आणि बत्ती धरून नाकाचा शेंडा पाहिला. मग म्हणाला, "बाबा, नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळा धोक्यात असतो. त्यात तुमच्या त्या गोळ्या. त्याच दिवशी यायला हवं होतं." सलाईनमधून औषध सुरू केलं, किडनीच्या गोळ्या कमी केल्या. तो डोळ्याचं सांगत होता आणि मी पडल्या पडल्या एकच विचारत होतो, अक्काची किडनी राहील ना?

किडनी राहिली. डाव्या डोळ्यापुढे चुलीचा धूर भरल्यासारखं झालं आहे, ते आता निवळणार नाही म्हणतात. अक्काला हे कोणी सांगितलेलं नाही.

परवा ती आली. शेजारी बसून तिने तळहाताने माझा उजवा डोळा झाकला. "भाऊ, कितला बोटं शेतस?" मला हातसुद्धा दिसत नव्हता. मी म्हणालो, "तीन." ती म्हणाली, "बरोबर शे," आणि तळहात काढला. तिचा दुसरा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली.

हे पत्र तिला वाचून दाखवता येणार नाही, आणि तुला तर वाचताच येत नव्हतं. म्हणून घडी करून उशीखाली ठेवतो. खरं सांगू, माय? तो गेरू फार गार लागला होता.