बिस्किट बाहेर का येत नाही

४ मे, रविवार
मार्लीला मेकन शहरात तिच्या आईकडे सोडून आलो. तेरा वर्षांची पोरगी, दोन दिवस खोलीचं दार बंद. निघताना मात्र तिचा कॉर्न स्नेक माझ्या स्वाधीन केला. बिनविषारी, नारिंगी, नाव बिस्किट. तिच्या आईला, कोरीनला, घरात साप चालत नाही. मला चालतो! उन्हाळ्याची सुट्टी कोणाकडे काढायची ते मार्ली महिनाअखेर सांगणार. बिस्किट खूश तर मार्ली खूश. सोपं आहे.

७ मे
साप दिसलाच नाही. त्याच्या काचेच्या पेटीतल्या लाकडी खोक्यात घुसून बसलाय. आत्मविश्वासाचा अभाव, दुसरं काय. जुन्या गाड्या विकण्यात आयुष्य गेलं, असे लाजरे सेल्समन ढिगाने सुधारलेत मी.

९ मे
खोकं काढून टाकलं. पठ्ठ्या पाण्याच्या वाडग्याखाली गेला. काचेचा वाडगा आणला.

१२ मे
त्याच्या खाण्यासाठी फ्रीजरमध्ये ठेवलेला उंदीर कोमट करून दिला. ढुंकूनही बघितलं नाही. उद्यापासून रोज समोर बसून त्याच्याशी गप्पा. कोरीन फोनवर म्हणाली, "हॉलिस, त्याचं खोकं परत दे आणि जरा गप्प बस." साप बघून किंचाळणारी बाई मला साप शिकवणार!

१४ मे
चावला. संपर्क सुरू झाला हे महत्त्वाचं.

१७ मे, शनिवार
मार्ली आली. खोकं का काढलं म्हणून भडकली. मी शांतपणे समजावलं, ती खोलीत गेली, दार धाडकन लावलं. चिकन आणि भेंडी तळली होती, तीही आत नेऊन खाल्ली. डोकंच फिरलं. मग माझ्या बापाने माझ्या बाबतीत केलं तेच केलं. दार बिजागऱ्यांवरून उतरवून गॅरेजमध्ये ठेवलं. इथल्या प्रत्येक बापाने कधी ना कधी केलंय. मार्ली म्हणाली, "डॅड, याने मी बोलायला लागेन असं वाटतं तुला?" वाटतं म्हणूनच केलं ना!

१८ मे
पोरगी बाथरूमला कडी लावून टबात झोपली. तेही दार काढणार होतो, पण ते मलाही लागतं.

२१ मे
बिस्किटला मोकळं वाटावं म्हणून झाकण उघडं ठेवलं होतं. पेटी रिकामी. वैताग आहे नुसता.

२६ मे
कपाटं ओढली, सोफा फाडला. हाका मारल्या. सापाला कान नसतात हे आजच वाचलं.

३१ मे, शनिवार
मार्लीने आल्या आल्या ते लाकडी खोकं मागितलं. गीझरमागच्या अंधारात ठेवलं आणि मला म्हणाली, "तू बाहेर जा." गेलो. संध्याकाळी बिस्किट खोक्यात होता. मग उंदीरही गिळला, खोक्यातच. मी म्हटलं, बघ, माझ्या ट्रेनिंगने भूक वाढली. ती हसली नाही.

"सुट्टीत आईकडेच राहते. बिस्किटलाही नेते. तिला विचारलंय."

"अगं, ती सापाला बघून किंचाळते!"

"किंचाळते. पण माझ्या खोलीत येताना दार वाजवते."

 

१ जून
दोघं गेले. दार परत बसवलं, पहिल्यांदा उलटं बसलं. सवय व्हावी म्हणून वाजवून पाहिलं. आत कोणी नाही हे माहीत होतं, तरी उघडायचा धीर होईना.