जैसलमेरची दोन वाक्यं

बाबा,

आईला जैसलमेर दाखवून परवा परत आले आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे. आईवर चिडायची सोय नाही, तिचं वय आणि तिचे गुडघे मध्ये येतात. म्हणून तुमच्यावर चिडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या घरात काही बिनसलं की त्याचं एक टोक तुमच्यापाशी निघतंच. आणि मराठीत भांडायला मला आता तुम्ही दोघंच उरला आहात. बाकी सगळ्यांशी माझं बंगालीत नाहीतर इंग्रजीत चालतं, आणि त्या भाषांत मी फार गोड बोलते.

गोड बोलणं हा माझा धंदाच आहे. तुम्ही टूर कंपनीचे मॅनेजर, रेल्वेचा अख्खा डबा भरून माणसं न्यायचात, मी एका वेळी एकच कुटुंब नेते. नेते म्हणजे पाठवते, कोलकात्यात ऑफिसात बसून. जोधपूरला हवेलीत खोली, दाराशी त्यांचीच गाडी, किल्ला दाखवायला त्यांचाच गाईड, आणि शेवटी जैसलमेरपुढे वाळवंटात तंबू. तंबूत पलंग, बाथरूम, गरम पाणी, आणि नजर जाईल तिथपर्यंत दुसरं माणूस दिसता कामा नये. ‘समजा दिसलंच, तर तुम्ही काय कराल?’ असं एका बाईंनी मला खरंच विचारलं होतं. उशी कडक आहे म्हणून बिकानेरहून फोन येतो, जशी काही मी बालीगंजच्या ऑफिसातून कापूस पिंजून देणार आहे. मी म्हणते, ‘एखुनी देखछी, दीदी,’ आत्ता बघते, आणि हॉटेलच्या मॅनेजरला फोन लावते. दिवसभर हेच.

तुमचा काळ वेगळा होता हे मला माहीत आहे. दुर्गापूजेची सुट्टी आली की आपल्या दोन खोल्यांत वळकट्यांचा ढीग लागायचा. कंपनीचा आचारी स्टोव्ह तपासायला घरीच यायचा. आई मेतकुटाचा डबा भरून द्यायची, कारण राजस्थानात पोचेपर्यंत कुणा ना कुणा काकाबाबूंचं पोट बिघडायचंच, आणि मग मॅनेजरबाबूंच्या बायकोची ती पिवळी पूड भातावर घालून खायची, असा रिवाजच पडला होता. आईचं मेतकूट दरवर्षी जैसलमेरला जाऊन आलं. आई नाही गेली. ‘मॅनेजरच्या घरचं माणूस टूरवर येत नाही,’ हा तुमचा नियम. कंपनीचा नव्हता हो, तुमचाच. एकदा मी विचारलं होतं, आईला एकदा नेलं तर काय बिघडेल? तुम्ही बुटाची नाडी बांधत होतात. म्हणालात, ‘तिला नेलं तर माझं लक्ष तिच्याकडे राहील. लोक माझ्या भरवशावर येतात.’ मी लहान होते, मला ते फार थोर वाटलं. आता संताप येतो. चाळीस माणसांच्या आया, सासवा, विधवा आत्या तुम्ही हाताला धरून किल्ल्यावर चढवल्यात आणि स्वतःच्या बायकोला हावडा स्टेशनपुढे नेलं नाहीत. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत माणूस निघून जातं.

त्याऐवजी तुम्ही काय करायचात, तर परत आल्यावर तिला सगळं सांगायचात. तुम्ही गॅलरीत खुर्चीवर, आई उंबऱ्यावर हनुवटीला हात लावून, मी तिच्या मागे. वाळवंटाचं सांगताना तुमचा आवाज खाली यायचा. ‘सूर्य बुडाला की उजेड आधी पायाशी विझतो, मग वर वर चढत जातो, टेकडीच्या कडेवर शेवटी राहतो. आणि वाळू अशी गार होते की तळपायाला ओली वाटते.’ मला ती दोन वाक्यं पाठ आहेत. खरं सांगायचं तर मी ती विकते. बंगालीत करून घेतली आहेत. ऐकलं की लोक गप्प होतात आणि तंबू घेतात.

तर यंदा मी ठरवलं की बास झालं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर स्वच्छ आली, आणि गुडघे अजून जिना उतरू देतात. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं? आमच्या बड्या ग्राहकांना देते तसली टूर मी तिला द्यायची ठरवली. एकेक खोली निवडून घेतली. तळमजलाच हवा, पायरी नको, सकाळी साडेसहाला चहा हवाच. आणि तिने काय करावं? जोधपूरच्या किल्ल्यात गाईड बिचारा तोफ दाखवतोय, आणि ही त्याला विचारते, ‘इथे पिण्याच्या पाण्याची सोय कुठे होती हो, मोठा ग्रुप असला तर?’ हवेलीत आमच्यासाठी खास थाळी मांडली, तर ही आचाऱ्याकडे बघून म्हणाली, ‘फक्त दोघींसाठी इतका गॅस.’

जैसलमेरला पोचलो तेव्हा दुपार होती. तंबूकडे निघायचं, सूर्यास्त गाठायचा, सगळं जमवून ठेवलेलं. ही ड्रायव्हरला म्हणते, ‘भैया, स्टेशन के पास एक धर्मशाला है. वहाँ चलिए.’ मी म्हटलं, ‘अगं आई, उशीर होईल, धर्मशाळेत काय बघायचंय?’ ती ऐकेना. तुमची टूर तिथेच उतरायची म्हणे. दोन गल्ल्या चुकून एकदाची ती धर्मशाळा सापडली. अर्ध्या भागात आता टाइल्सचं गोडाऊन आहे, पण अंगण आहे, कडुनिंब आहे, मागे लोखंडी झाकणाची विहीर आहे. आई त्या अंगणात फिरली, आणि काय सांगू बाबा, स्वतःच्या माहेरी फिरावं तशी फिरली. ‘इथे स्टोव्ह लावायचे, वारा लागत नाही म्हणून. इथे वळकट्या. ह्या कट्ट्यावर बसायचे.’ मग ती त्या कट्ट्यावर बसली आणि उठेचना. मी घड्याळ दाखवलं, विनवण्या केल्या, शेवटी आवाज चढला माझा. ‘सगळं आयुष्य ज्या वाळवंटाचं ऐकलंस ते समोर आहे, आणि तू गोडाऊनमध्ये बसून राहणार?’

ती शांतपणे म्हणाली, ‘ते वाळूवर कधी गेलेच नाहीत.’

मला काही कळेना. ‘कोण?’

‘तुझे बाबा. लोकांना जीपमध्ये बसवून पाठवायचे आणि हे इथे थांबायचे. माणसं गारठून परत येणार, आल्याबरोबर गरम खिचडी हवी, वांग्याची बेगुनी हवी. आचाऱ्यावर टाकून कसे जातील?’

‘तुला हे त्यांनी सांगितलं?’

‘सांगतील कशाला? आल्यावर त्यांचे बूट मीच झटकायचे. धूळ निघायची, स्टोव्हची काजळी निघायची. वाळू कधी निघाली नाही.’ मग म्हणाली, ‘आणि ह्या अंगणाचं दरवर्षी काही नवीन सांगायचे. विहिरीचं झाकण मोडलं, कडुनिंबाची फांदी तोडली. वाळूची मात्र दरवर्षी तीच दोन वाक्यं. कुणा पॅसेंजरकडून ऐकलेली असणार.’

मी म्हटलं, मग विचारलं का नाहीस त्यांना? तर म्हणाली, ‘इतकं छान सांगायचे, कशाला विचारायचं?’

म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून माझी चांगली फिरकी घेतलीत. तुम्ही न पाहिलेलं सांगायचात, ती माहीत असून ऐकायची, आणि मधल्यामध्ये मी एकटी ते खरं धरून बसले. धरून बसले ते बसले, वर त्यावर पोट भरते आहे. आणि एवढ्यावर थांबलं नाही. तंबूशी पोचलो, टेकडी अगदी समोर, चढायला उंट, नाहीतर खुर्चीत बसवून नेणारी माणसं, सगळी तयारी. आई म्हणाली, ‘तू जा. ते नाही गेले, मी कशाला?’ हा कसला हट्ट, बाबा? मेलेल्या माणसाशी कसली बरोबरी करायची? मी तिला तसं बोलले. वाईट वाटलं, पण बोलले, आणि पाय आपटत एकटीच वर गेले.

परत आले तेव्हा ती तंबूबाहेर शाल गुंडाळून बसली होती. मी शेजारी बसून बूट काढले. तिने हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, ‘सांग, कसं होतं?’ अगदी तशीच, गॅलरीतल्यासारखी. माझा राग गेला नव्हता, तरी मी सांगितलं. सूर्य बुडाला की उजेड आधी पायाशी विझतो, मग वर वर चढत जातो, टेकडीच्या कडेवर शेवटी राहतो. आणि वाळू अशी गार होते की तळपायाला ओली वाटते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग वाकून माझे बूट उचलले आणि चटईच्या कडेला उलटे केले. चांगली ओंजळभर वाळू निघाली. ती बराच वेळ त्या वाळूवरून बोटं फिरवत राहिली. म्हणाली, ‘तू गेलीस ते बरं झालं.’

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. मी टेकडीवर पोचले तेव्हा सूर्य टेकायला आला होता आणि फोन वाजला. आमचं दुसरं एक कुटुंब जोधपूरला, त्यांना काळी गाडी हवी होती आणि पांढरी आली होती. वाऱ्यात ऐकू येईना म्हणून मी पाठ फिरवून, एका कानात बोट घालून त्यांची समजूत घालत उभी होते. फोन ठेवून वळले तेव्हा अंधार झालेला होता, आणि बूट मी पायातून काढलेच नव्हते. आईला हे सांगितलेलं नाही.