मेलेल्याचं लाल पाकीट

३ मार्च
पोचलो एकदाचा हंगद्यानला, चीनच्या सिनेमानगरीत! बसमधून उतरलो तर समोरून तीन सम्राट एकाच स्कूटरवर, मुकुट सांभाळत नाश्त्याला निघालेले. इथे अख्खं गावच सिनेमात. लान्चौला खानावळीत नूडल्स ओढून बनवल्या, शियानला पार्सलं वाटली, कुठेच बूड टेकलं नाही. इथे टेकणार. पडद्यावर एक वाक्य बोलायचं, एकच. धाकट्या बहिणीला, रुईफेनला, फोन केला. म्हणाली, दादा, तू बोलशील तेव्हा टीव्हीचा आवाज मोठा करीन. खोलीत म्याओ नावाचा जाड्या आहे. कधीपासून गर्दीत उभा राहतोय, अजून वाक्य नाही. घोरतो मात्र नायकासारखा.

६ मार्च
आज दिवसभर मरत होतो. एकदा तळव्यावर माशी बसली आणि मेल्यामेल्याच फिदीफिदी हसलो. पायाच्या गुदगुल्या मला लहानपणापासून सोसवत नाहीत. मुकादमाने माझं खानदान काढलं. मेलेल्याला इथे लाल पाकीट देतात, आत एक नोट. घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं आणि घरी जायच्या आत नोट खर्चायची, म्हणजे मरण अंगाला चिकटत नाही. मी भाजलेलं रताळं खातो.
मारणारे छ्यूकाका. म्हातारे, हडकुळे, जन्मभर खलनायक. तलवार खाली ठेवली की संत्री सोलून सगळ्यांना फोडी वाटतात.

९ मार्च
जेवताना वाद पेटला, सगळ्यात भयंकर खलनायक कुठला? मी म्हटलं, गालावर वण असलेला, गडगडाटी हसणारा. म्याओ म्हणाला, हट् लेका, तो ओरडतोच, पळायला वेळ मिळतो. खरा चष्मा पुसत पुसत हुकूम देणारा. पैज लागली, आजच्या पाकिटाची. निवाडा छ्यूकाकांचा.
काका म्हणाले, दोघंही गाढवं आहात. वण असलेला तुमचा द्वेष करतो, चष्मेवाला तुमचा विचार करतो. त्यांच्या लेखी तुम्ही आहात तरी. भ्यायचं ते आपण कोणाला मारलं हेच ज्याला आठवत नाही, त्याला. तरी जाड्या जरा जवळ पोचला म्हणे.
मी पाकीट काढलं, नोट न खर्चलेली. म्याओ कचरला, राहू दे रे, मेलेल्याचं असतं ते. काका हसले. पैज ती पैज, बाळा, देऊन टाक. आणि माझ्या हातावर फोड ठेवली. गोड होती.

१० मार्च
हजेरीत माझं नाव नाही. मुकादम म्हणे, नवीन का रे तू? आणि म्याओला वाक्य मिळालं! ‘साहेब, पूल पडला.’ मी त्याची पाठ थोपटली. म्हणाला, आभारी आहे भाऊ, आपण कुठे भेटलोय का?
थट्टा करतोय जाड्या.

१२ मार्च
थट्टा नाही. माझ्या खाटेवर दुसराच कोणी. पिशवी जिन्यात फेकलेली. रताळेवालीसमोर पैसे धरून उभा राहिलो. तिने माझ्या मागच्याला विचारलं, काय देऊ?

१३ मार्च
रुईफेनला फोन केला. अगं, दादा बोलतोय, म्हणून ओरडत राहिलो. ती आईला म्हणाली, कोणीतरी आहे, बोलतच नाही गं. ठेवला.

१४ मार्च
पुन्हा छ्यूकाकांच्याच हातून मरायचं. पाकीट घ्यायचं. खर्चायचं. सुटलो.
काकांचे पाय धरले. त्यांनी सगळं ऐकलं — फक्त त्यांनीच. फोड दिली. चव नाही. म्हणाले, ये की उद्या. वळलो तर मागून विचारलं, कोण म्हणालास तू?

१५ मार्च
मेलो. सगळे उठले. पाकिटं वाटत आला तो हात — माझ्यावरून पुढे गेला. मीही उठलो. उठलो असं वाटलं — दोघांनी खांद्यापायांना धरून — रबरी मढ्यांच्या गाडीत —

गोदाम. सगळी मढी रबराची. शेजारचा माझ्याकडेच बघतोय.
गोदामवाला शाईचा डबा घेऊन आलाय. तळव्यांवर नंबर घालत —
ओरडलो. मी जिवंत आहे! — हेच माझं वाक्य — रुईफेन, आवाज मोठा कर —
मानही वर नाही केली त्याने. पायाशी बसला. कुंचला टेकवला. फिरवतोय —
गुदगुल्या होत नाही—