पहिली भाकरी सुनेची

मी, नाथाजी गणपती फडतरे, वय ७१, पूर्वी सैन्यात हवालदार, सध्या शेती, राहणार वडूज, तालुका खटाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. प्रकृतीबद्दल डॉ. वीरधवल माने यांनी कालच तपासून दाखला दिला. रक्त भरपूर, हाडे मजबूत, छाती स्वच्छ. या वयात अशी तब्येत त्यांनी तालुक्यात पाहिली नाही म्हणे. ती अशी का आहे, ते कलम ४ मध्ये येईल.

१. माझी पत्नी बनुबाई गेल्या वर्षी दिवाळीनंतर वारली. त्यामुळे तिच्या नावे काही ठेवण्याचा प्रश्न उरत नाही. त्या दिवशी मला रडू आले नाही, अजूनही आलेले नाही. लोक म्हणतात, फौजी माणूस, काळीज दगडाचे. तसे काही नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसे सगळे अंग झाले आहे.

२. वरच्या रानाच्या बांधावरची बाभळ माझा धाकटा भाऊ तानाजी यास दिली. ती आपली आहे म्हणून तो जन्मभर भांडला. घे बाबा. बनूच्या तेराव्याच्या पंगतीत तो बोटे चाटत म्हणाला होता, "वैनी खाऊनपिऊन सुखानं गेली बघ." त्याला उत्तर द्यायचे राहिले आहे, म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत त्याला द्यावी.

३. फौजेतली पत्र्याची पेटी आणि पदके चिरंजीव जयराज यास. सांगलीत त्याचे दुकान आहे, जिमला जाणाऱ्या पोरांना प्रोटीनचे डबे विकतो. मी त्याची पुष्कळ थट्टा केली. आम्ही भिजवलेले हरभरे खाऊन डोंगर चढलो, तुम्ही पिठाचे पाणी पिऊन आरशात बघता, असे म्हणायचो. ती थट्टा मी मागे घेतो. त्याचा माल खरा होता, गेला भलत्या पोटात.

४. बनूचे रक्त फार कमी झाले होते. कळशी उचलली तरी दम लागायचा. डॉ. माने यांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि चहाबरोबर नको, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या, असे बजावले. शिवाय हुलग्याचे माडगे, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, अंडी खायला सांगितली. जेवण जात नव्हते म्हणून पावडरही सांगितली. जयराजने वेलदोड्याच्या वासाचा डबा सांगलीहून आणला, मग आणतच राहिला. डबे वेळेआधी संपत होते. आम्ही खूश, की बाई औषध मनावर घेते आहे. ती मात्र वाळत गेली आणि शेवटी हृदयाला झेपले नाही.

तिच्यामागे सून सौ. प्रियदर्शनी भाकरी करू लागली. एके दिवशी मी तिला म्हणालो, "पोरी, भाकरी चांगली हाय तुजी. पर आदीच्या भाकरीला जरा गोडी हुती. ज्वारी बदलली का?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "आबा, आत्याबाई पिठात ती पावडर मिसळत हुत्या. म्हणायच्या, पोरानं एवढ्या लांबनं आणलीया, मी एकटीनंच खायची व्हय? समद्यांच्या पोटात जाऊ दे."

"आन् गोळ्या?"

"म्हशीला. पेंडीतनं. म्हणायच्या, ती नुकती व्यालीया, तिला रगत पायजे."

"आन् ती सोता काय खायची?"

"त्या शेवटी बसायच्या, आबा. तवर उरलं तर चतकोर."

मी हात धुतले आणि रानात गेलो. दुसरे काय करणार?

सुनेला मी दोष देत नाही. तिला वाटायचे, सासूबाई थोडी स्वतःही घेत असतील. आणि 'तुम्ही आधी जेवा' असे ती म्हणाली असती तरी बनूने ऐकले नसते. करणारीने शेवटी खायचे, ही आमच्याकडची रीत. ती कोणी शिकवत नाही आणि कोणी मोडतही नाही. तव्यावरून उतरलेली पहिली, टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात यायची. माझी हाडे मजबूत आहेत ती त्यामुळे.

५. म्हैस कोणी विकू नये. ती धट्टीकट्टी आहे आणि मरेपर्यंत आपल्याच गोठ्यात राहील. बनूच्या वाटणीचे रक्त तिच्या अंगात आहे.

६. राहते घर, दोन्ही राने व बँकेतील ठेव मी सून सौ. प्रियदर्शनी जयराज फडतरे हिला देत आहे. जयराजने वाईट वाटून घेऊ नये, वाटले तरी चालेल. अट एकच. रोजची पहिली भाकरी तिने स्वतः खायची, गरम असताना, नीट बसून. मग बाकीच्यांना वाढायचे. गोळ्या आणि पावडर जिच्या नावाने आल्या तिच्याच पोटात जातील. वकील म्हणाले, "आवं हवालदारसाहेब, असली अट कोर्टात टिकायची न्हाई." नाही टिकली तर राहिले. कोर्टाला कुठे भूक लागते?

७. हे आत्ताच का लिहितो, तेही सांगतो. मला मरायची घाई नाही, आणि डॉक्टरांच्या दाखल्यावरून तशी आशाही दिसत नाही. पण प्रियदर्शनीला दिवस गेले आहेत, पाचवा महिना चालू आहे. तिचेही रक्त कमी निघाले. डॉ. माने यांनी गोळ्या दिल्या आणि त्यांना विचारूनच जयराजने तोच डबा पुन्हा आणला.

सोमवारपासून भाकरी परत गोड लागते आहे.

पहिला घास तोंडात तसाच राहिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा या बधिर अंगात काहीतरी कळले. मी भ्यालो. लढाईत भ्यालो नव्हतो एवढा भ्यालो. म्हणून हे मृत्युपत्र माझ्या मागे उघडायचे नाही. आज सकाळी, ती पीठ मळायला घेण्याआधी, साक्षीदारांसमोर मी ते मोठ्याने वाचणार आहे.

(सही) नाथाजी गणपती फडतरे

साक्षीदारांचे लिहून देणे: वरील मजकूर हवालदारसाहेबांनी चुलीपुढे उभे राहून वाचला आणि आम्हा दोघांच्या समक्ष सही केली. सूनबाई म्हणाल्या, "आबा, पाव्हणं उभं हायती. तुमी आदी बसा, मी मागनं खाते की." ते बसले नाहीत, म्हणून आम्हीही बसलो नाही. मग सूनबाईंनी पावडर दुधात घालून आमच्या डोळ्यांदेखत पेला संपवला. नंतर पहिली भाकरी खाल्ली, पूर्ण. दुसरी हवालदारसाहेबांना वाढली. त्यांनी एक घास घेतला, "गोड न्हाई," म्हणाले, आणि त्यांना रडू आले. ते आम्ही समक्ष पाहिले.

१. (सही) डॉ. वीरधवल माने, वडूज
२. (सही) मुजीब मुलाणी, पिठाची गिरणी, वडूज

ठिकाण: वडूज
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५