धुण्यासाठी उचललेलं आकाश

मी, खाली सही करणार, वय छप्पन्न, धंदा मोटार रिवाइंडिंग, शिक्षण स्वतःचे स्वतः, पूर्ण शुद्धीवर आणि तितकाच वैतागलेला आहे. दोन्हींची खात्री डॉक्टरांनी केली आहे. पुढच्या आठवड्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस, तिच्यामागे मुलीस. यावर कोणी चकार शब्द काढू नये.

२. दुकान धाकट्या भावास. तारेची जाडी मोजायचे मायक्रोमीटर मात्र देऊ नये. त्यात नट पकडून तो पिळताना मी त्याला पाहिले आहे. तेव्हापासून ते कुलपात आहे.

३. आता मुद्द्याचे. जगभर विजा कडाडतात. त्यांचा अतिमंद रेडिओ-घुमारा जमीन आणि वरचे आयनांबर, म्हणजे विद्युतभारित हवेचे छत, यांच्यामधल्या पोकळीत फिरत राहतो. हे छत दिवसा खाली येते, रात्री वर जाते, तसा घुमारा बदलतो. कसा, ते सांगणारे गणिती प्रारूप मी दुकान सांभाळून तयार केले. घुमारा टिपणारी तारेची कॉइल परसात आहे, तिच्या नोंदींशी ते ताडून पाहतो.

जावई इंजिनिअर आहेत. त्यांना ते परिषदेत मांडायचे होते. दुपारच्या नोंदीच्या आलेखात एक आगंतुक टोक आले. प्रारूप जुळेना, म्हणून त्यांनी प्रारूपातले छत बारा किलोमीटर वर सरकवले. मी कुंपणापलीकडे डोकावलो. शेजारणीचे वॉशिंग मशीन कपडे पिळत होते; टोक त्याच्या मोटारीचे होते.

"जावईबापू, धुण्यासाठी आकाश उचललंत."

"आलेख जुळला ना, बाबा? एवढं कोण बघतंय?"



मुलगी म्हणाली, "बाबा, घरातलं घरात राहू द्या ना. त्याची बढती अडलीय."

पोरी, घर तुझेच आहे. हे नाही.

४. प्रारूप, नोंदी व कॉइल 'खडूस' यांस, म्हणजे ते निवृत्त प्राध्यापक, ज्यांनी माझा पहिला लेख लाल शेऱ्यांनी रंगवून परत पाठवला आणि वर लिहिले, "हौशी माणसाने हौसेपुरतेच करावे." मला या गृहस्थाचा मनस्वी तिटकारा आहे. पण त्यांनी एकही ओळ सोडली नव्हती, आणि शेऱ्यांपैकी दोनच चुकीचे निघाले. कौतुक करणारे पुष्कळ भेटले. वाचणारा हा एकच.

साक्षीला बसलेल्या डॉक्टरांनी आत्ताच विचारले, "आणि ते न्यायला आलेच नाहीत तर?"

त्यांना एवढेच कळवावे, की यात एक चूक आहे आणि ती मला सापडलेली नाही. येतील.

स्थळ: दुकानाचा माळा. दिनांक: चौदा नोव्हेंबर.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार: १. डॉक्टर (सही, वाचता येत नाही, पण त्यांचीच आहे) २. कॉइलची चौकट एकही लोखंडी खिळा न ठोकता करणारे सुतार (सही)