मला पेललेलं धनुष्य

वारजे, पुणे

अहो,

वाकून नमस्कार. आधीच सांगते, खांदा ठीक आहे, घाबरू नका.

फोनवर तुम्ही मधेच बोलता, म्हणून लिहिते. काल आपली उत्कर्षा मला तिच्या धनुर्विद्येच्या मैदानावर घेऊन गेली. खांद्याच्या डॉक्टरांना विचारूनच गेलो. हात वर जात नाही म्हणून माझी वेणी अजून उत्कर्षाच घालते, आणि मी तिथलं सगळ्यात देखणं धनुष्य उचललं! दोरी अर्ध्यातच अडली, पुढे येईचना.

तिचे सलिल सर म्हणाले, "काकू, हे ओढायला तीस पौंडांचा जोर लागतो. दोरी हनुवटीशी आणून शांत उभं राहता येईल, तेच धनुष्य आपलं." त्यांनी चौदा पौंडांचं दिलं. लहान मुलांचं वाटलं, लाजच वाटली.

पण ओढलं. दोरी हनुवटीला टेकली आणि हात हललाच नाही. वर्षभर फळीवरची बरणी काढू न देणारा हाच खांदा! समोरच्या लक्ष्याच्या मधलं पिवळं वर्तुळ आणि मी, बाकी काही उरलंच नाही. बाण कडेच्या पांढऱ्या पट्ट्यात घुसला. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. लेक फोटो काढायचंच विसरली.

एवढं माझ्यात आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं.

वाशीमला थंडी पडली का? गोळ्या घेता ना? शंभूभाऊजी डबा आणतात ना?

रात्री खांदा जरा ठणकला, शेकला. रविवारी पुन्हा जाणार आहे. परवानगी मागत नाही, बातमी कळवते आहे.

तुमचीच,
मुक्ता